विश्लेषण : लहानग्यासाठी श्रवणयंत्र घेताना ‘कंपनी कोणती?’ हा प्रश्न सर्वात शेवटी का विचारावा?

पुणे–सातारा महामार्गावरचा कापूरहोळचा चौक या भागात सगळ्यांच्या ओळखीचा. एका बाजूला भोरचा रस्ता फुटतो, दुसऱ्या बाजूला नारायणपूरमार्गे सासवडचा, आणि मधून रात्रंदिवस ट्रक-कंटेनरची रांग. या चौकात दीड वर्षाचं मूल कडेवर घेऊन स्वारगेटच्या एसटीची वाट पाहणारं एखादं जोडपं डोळ्यांसमोर आणा. पिशवीत ‘बेरा’ तपासणीचा अहवाल, डॉक्टरांनी सांगितलेला ‘श्रवणयंत्र’ हा शब्द, आणि फोनवर नातेवाइकांनी पाठवलेले चार-पाच यंत्रांचे फोटो. एक पंधरा हजारांचं, एक नव्वद हजारांचं, एक ऑनलाइन अठराशेचं. प्रत्येक फोटोखाली प्रश्न एकच : यातलं चांगलं कोणतं?

प्रश्न साहजिक आहे. मोबाइल घेताना, फ्रिज घेताना आपण असाच विचारतो. मात्र श्रवणयंत्राच्या बाबतीत, आणि तेही ज्याला अजून बोलता येत नाही अशा मुलाच्या बाबतीत, हा प्रश्न चुकीच्या ठिकाणाहून सुरुवात करतो. दुकानातून उचलून कानाला लावली की काम सुरू करणारी ही वस्तू नाही. ती कशी बसवली, कोणी मोजून बसवली आणि पुढची पाच वर्षं तिच्यासाठी किती वेळा एसटी पकडावी लागणार, यावर सगळं ठरतं.

घाई कशाची?

आधी वेळेचा हिशेब. जगभरात यासाठी ‘१-३-६’ हे सूत्र वापरलं जातं. बाळ एक महिन्याचं होईपर्यंत ऐकण्याची प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र व उपचार सुरू. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात ख्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे असल्याचं दिसलं होतं. त्यानंतर ऑस्ट्रेलियातही शेकडो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. निष्कर्ष तोच : यंत्र जितक्या लवकर, तितकी भाषा चांगली.

कारण मेंदूत आहे. ऐकण्या-बोलण्याच्या वाटा मेंदूत पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने तयार होतात. त्या काळात आवाजच पोहोचला नाही, तर ती जागा मेंदू इतर कामांना देऊन टाकतो. पाचव्या वर्षी लाखाचं यंत्र लावून तो काळ परत मिळत नाही.

आपल्याकडे हा काळ कुठे जातो, हे घराघरांत ठाऊक आहे. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’, ‘मामा तर चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आता गप्प बसत नाही’. मग मुलाच्या पाठीमागे ताटली वाजवून पाहिली जाते, मूल वळतं आणि घर निश्चिंत होतं. ही ताटलीची परीक्षा अनेकदा फसवी असते. मोठा, जाड आवाज थोडाफार ऐकू येणारी मुलं पुष्कळ असतात. काही मुलं जमिनीची कंपनं किंवा हललेली सावली टिपून वळतात. ताटली ऐकू येणं आणि शब्द ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘साप’, ‘ताप’, ‘चाप’, ‘थाप’

हा फरक मराठीतच समजून घेता येतो. ‘आ’, ‘ऊ’, ‘म’ हे आवाज जाड आणि ताकदीचे असतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘च’ हे बारीक, उंच पट्टीचे आणि दुबळे. अनेक मुलांमध्ये ऐकण्याचं नुकसान या उंच पट्टीतच जास्त असतं. अशा मुलाला ‘साप’, ‘ताप’, ‘चाप’, ‘थाप’ हे चारही शब्द जवळपास ‘आप’ असेच ऐकू येतात. आईने हाक मारली तर ते वळतं, कारण हाकेतले स्वर पोहोचतात. त्या हाकेपुढे ती काय म्हणाली, ते मात्र पोहोचत नाही.

मराठीचं व्याकरणही या ‘स’वर उभं आहे. ‘येतो’ म्हणजे मी, ‘येतोस’ म्हणजे तू. ‘गेला’ तो, ‘गेलास’ तू. शेवटचा एवढासा आवाज निसटला की कोण आणि कोणाबद्दल हेच निसटतं. म्हणून बालकांच्या यंत्राकडून पहिली अपेक्षा ही, की तिथला ‘स’ आईच्या आवाजातही ऐकू यावा. बायका-मुलांच्या आवाजातला ‘स’ पुरुषांपेक्षाही उंच पट्टीत जातो, आणि लहान मुलाशी दिवसभर बोलतं कोण, हे सांगायला नको.

कोणतं यंत्र मुलाचं, कोणतं नाही?

इथे पर्याय वाटतात तितके नाहीत. लहान मुलांसाठी जगभर शिफारस होते ती कानामागे बसणाऱ्या यंत्राची, ज्याला ‘बीटीई’ म्हणतात. यंत्र कानाच्या मागे, आणि त्यातून निघणारी नळी कानात बसणाऱ्या मऊ साच्याला जोडलेली. कानाच्या आत लपणारी छोटी यंत्रं मोठ्यांसाठी ठीक, पण मुलाचा कान वाढत असतो. कानामागच्या यंत्रात कान वाढला की फक्त साचा बदलावा लागतो, यंत्र तेच राहतं. कानात बसणाऱ्या यंत्राचं मात्र सगळं कवचच नव्याने करावं लागतं. शिवाय लपणाऱ्या यंत्रात ताकद कमी, आणि शाळेत शिक्षकांचा माइक जोडण्याची सोय बहुधा नसते.

तरीही लपणाऱ्या यंत्राची मागणी होते, आणि मुलगी असेल तर जास्तच होते. ‘उद्या लग्नाचं बघताना’ ही चिंता दीड वर्षाच्या मुलीच्या कानावर लादली जाते. त्या चिंतेला हसण्यात अर्थ नाही, गावात राहणाऱ्यांना ती खरीच असते. पण यंत्र लपलं आणि भाषा आली नाही, तर लपवण्यासारखं उरतं काय? साचे आता रंगीत मिळतात, निळे, गुलाबी, चमकीचे. मुलाला ते दागिन्यासारखे मिरवता येतात, आणि खाली पडला तर रंगीत साचा गवतात सापडतोही लवकर.

ऑनलाइन मिळणारी हजार-दोन हजारांची ‘आवाज वाढवणारी’ यंत्रं मुलांच्या कानाजवळही नेऊ नयेत. ती सगळेच आवाज सरसकट मोठे करतात. आई ‘ये बाळा’ म्हणते तो आवाज आणि महामार्गावरचा ट्रकचा हॉर्न, दोन्हीवर तोच गुणाकार. चांगलं डिजिटल यंत्र हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज कमी वाढवतं आणि एका मर्यादेच्या वर आवाज जाऊच देत नाही. ती मर्यादा प्रत्येक मुलासाठी बसवावी लागते. ती नसेल, तर कानात जे काही ऐकणं शिल्लक आहे त्यालाच धोका.

डेसिबल हे माप सरळ चढत नाही, हेही इथे लक्षात ठेवावं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. ‘थोडंसं वाढवून बघू’ हे वाक्य कुकरच्या शिट्टीपुरतं ठेवावं, मुलाच्या कानापुरतं नाही.

चॅनेल म्हणजे कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल

किमतीतला मोठा फरक कशामुळे पडतो? यंत्रं काही हजारांपासून लाखाच्या वर जातात. विक्रेता सांगतो, हे आठ चॅनेलचं, हे सोळा, हे वीस. चॅनेल म्हणजे आवाजाच्या पट्टीचे केलेले तुकडे, ज्यांचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो. ते काही प्रमाणात उपयोगी आहेतच. पण फोनच्या मेगापिक्सेलसारखंच, एका टप्प्यानंतर आकडा वाढतो, चित्र फारसं बदलत नाही.

महागड्या यंत्रांतल्या बऱ्याच सोयी मोठ्या माणसांसाठी केलेल्या असतात : हॉटेलात समोरच्याचंच ऐकू यावं म्हणून एका दिशेला रोखलेला माइक, ब्लूटूथवर फोन, संगीतासाठी वेगळी मांडणी. दीड वर्षाच्या मुलाला समोरचंच नाही, आजूबाजूचंही ऐकायचं असतं. आजी मागे चुलीपाशी काय म्हणाली, भाऊ ओट्यावर कोणाशी भांडतोय, यातूनच निम्मी भाषा येते. त्यामुळे ‘मागचा आवाज कापणारं’ यंत्र त्याला सतत लावून ठेवणं फायद्याचं असतंच असं नाही.

दोन्ही कानांत नुकसान असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर एका कानाला ऐंशी हजारांचं घेऊन दुसरा कान ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून सोडण्यापेक्षा दोन्ही कानांना साधी पण नीट बसवलेली यंत्रं हा अधिक शहाणा व्यवहार आहे. आवाज कोणत्या बाजूने आला, गोंगाटात कोण बोललं, हे ओळखायला मेंदूला दोन्ही कान लागतात. शेतावरच्या, रस्त्याकडेच्या घरात हा प्रश्न सोयीचा नसून जिवाचा आहे. कापूरहोळसारख्या ठिकाणी गाडी कोणत्या बाजूने येतेय हे कळायला हवं.

मोजमाप : ज्याबद्दल कोणी विचारत नाही

आता त्या मुद्द्याकडे, ज्यावर पालकांनी सर्वात जास्त वेळ घालवावा आणि ज्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं.

यंत्र संगणकाला जोडलं की सॉफ्टवेअर मुलाच्या ऑडिओग्रामवरून एक अंदाजी मांडणी करून देतं. अनेक ठिकाणी काम इथेच संपतं. पण हा अंदाज सरासरी कानासाठीचा असतो आणि लहान मुलाचा कान सरासरी नसतो. त्याच्या कानाची नळी अरुंद आणि आखूड. पोकळी लहान असली की त्याच आवाजाचा दाब जास्त होतो, हे भौतिकशास्त्र शाळेतलंच. घागरीत आणि तांब्यात फुंकर मारून पाहिली तरी पोकळीचा फरक कळतो. मोठ्या माणसाच्या कानात बेताचा वाटणारा आवाज बाळाच्या कानात कितीतरी मोठा होऊ शकतो. आणि बाळ सांगू शकत नाही. ते फक्त यंत्र ओढून काढतं, आणि घरचे म्हणतात, ‘याला यंत्र आवडत नाही.’

म्हणून कानात अगदी बारीक नळी घालून, यंत्र लावल्यावर पडद्यापाशी प्रत्यक्षात किती आवाज पोहोचतोय ते मोजलं जातं. याला ‘रिअल इअर’ मोजमाप म्हणतात. चुळबुळ्या बाळासाठी सोपी वाट आहे : कानाचा फरक एकदाच काही मिनिटांत मोजून घ्यायचा आणि बाकीची जुळवाजुळव यंत्र पेटीत ठेवून करायची. मोजलेले आकडे कोणत्या सूत्राशी ताडून पाहायचे, त्यासाठी कॅनडात तयार झालेलं ‘डीएसएल’ आणि ऑस्ट्रेलियातलं ‘एनएएल’ अशी दोन प्रसिद्ध सूत्रं आहेत. ऑस्ट्रेलियातल्या त्याच दीर्घ अभ्यासात या दोन सूत्रांमुळे मुलांच्या भाषेत लक्षणीय फरक आढळला नाही. सूत्र कोणतं यापेक्षा मोजलं की नाही, हे महत्त्वाचं.

त्यामुळे केंद्रात पाऊल ठेवल्यावर कंपनीच्या नावाआधी विचारायचा प्रश्न हा : ‘तुम्ही यंत्र लावल्यावर बाळाच्या कानात मोजमाप करता का? त्याचा आलेख आम्हाला देता का?’ उत्तर टाळाटाळीचं असेल, तर यंत्र कितीही नामांकित असो, बाहेर पडलेलं बरं. दुसरा प्रश्न ऑडिओलॉजिस्टच्या नोंदणीचा. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे आणि या व्यावसायिकांची नोंदणी तिथे होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही, भिंतीवर तो लावलेला असायलाच हवा.

साचा शिट्टी मारतो तेव्हा

यंत्र पाच वर्षं टिकू शकतं, साचा नाही. पहिल्या वर्षात तो दर एक ते तीन महिन्यांनी बदलावा लागू शकतो, पुढे चार-सहा महिन्यांनी. कान वाढला, साचा सैल झाला, की आतून बाहेर सांडलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागतं. गावच्या कार्यक्रमात माइक स्पीकरसमोर आला की होते तीच ही गोष्ट. शिट्टी बंद व्हावी म्हणून घरात आवाज कमी केला जातो. शिट्टी थांबते, आणि ‘स’ही थांबतो. यंत्र कानावर दिसत असतं आणि मूल पुन्हा बहिरं झालेलं असतं.

कापूरहोळपासून स्वारगेट सुमारे ३५-४० किलोमीटर. साच्याचं माप द्यायला एक खेप, तयार साचा घ्यायला दुसरी, जुळवाजुळवीला तिसरी. प्रत्येक खेपेला एकाची मजुरी बुडते. वेल्हे (राजगड) तालुक्याच्या आतल्या गावांना तर आधी चेलाडी फाट्यापर्यंतच यायचं असतं, तेही भातलावणीच्या दिवसांत. हा खर्च यंत्राच्या पावतीवर छापलेला नसतो, पण यंत्र कपाटात जाण्याचं सर्वात मोठं कारण तोच असतो.

म्हणून यंत्र निवडताना केंद्राचं ठिकाणही निवडायचं असतं. महामार्गावरून शहरात शिरताना धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं महाविद्यालय लागतं. पुढे ससून. मोठ्या गुंतागुंतीसाठी मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चकचकीत दालनापेक्षा एका एसटीत पोहोचता येईल अशी, साचा तिथल्या तिथे करून देणारी आणि यंत्र दुरुस्तीला गेलं तर तात्पुरतं दुसरं देणारी जागा बरी. दुरुस्तीचे पंधरा दिवस मोठ्या माणसासाठी गैरसोय असते, दीड वर्षाच्या मुलासाठी भाषेचे पंधरा दिवस.

पाऊस, घाम आणि पेन्सिल सेल नसलेली बॅटरी

भोर-वेल्ह्याचा पाऊस यंत्राचा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की रात्री यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवणं सक्तीचं समजावं. नळीत पाण्याचा थेंब साचला तरी आवाज बंद होतो. यंत्र खराब झालं असं वाटून पुण्याला नेण्याआधी नळी मोकळी आहे का ते पाहावं. पाणी आणि धुळीपासून संरक्षणाचं मानांकन कोणतं, हे मात्र इथल्या पालकांनी चॅनेलच्या आधी विचारावं.

बॅटऱ्या भिंगरीएवढ्या, हवेवर चालणाऱ्या. वरचा स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मगच बसवायची. रंगावरून आकार ओळखतात : नारिंगी म्हणजे १३ नंबर, निळा म्हणजे ६७५, जी जास्त ताकदीच्या यंत्रांना लागते. या बॅटऱ्या गावच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, एकदम दोन-तीन पाकिटं आणून ठेवावी लागतात. चार्जिंगची यंत्रं सोयीची, पण रात्री वीज गेली तर सकाळी मूल बहिरं, हा विचार करून घ्यावीत. आणि बॅटरीच्या झाकणाला मुलांना न उघडणारं कुलूप हवंच. गिळलेली किंवा नाकात घातलेली बॅटरी ही थेट रुग्णालयाची बाब आहे. केळं खायला घालून वाट पाहण्याची नाही.

रोज सकाळी दोन मिनिटांची एक तपासणी घरीच होते. आधी आईने किंवा वडिलांनी स्टेथोस्कोपसारख्या नळीने यंत्र स्वतः ऐकायचं. मग तोंडापुढे कागद धरून मुलाला सहा आवाज ऐकवायचे : आ, ऊ, ई, म, श, स. डॅनिएल लिंग या तज्ज्ञांनी रूढ केलेली ही चाचणी आहे. तान्हं मूल थबकतं किंवा डोळे वळवतं, मोठं मूल मणी डबीत टाकतं. काल ‘स’ला प्रतिसाद होता आणि आज नाही, म्हणजे काहीतरी बिघडलं. बॅटरी, साचा किंवा कानात सर्दीचं पाणी.

आणि यंत्र लावायचं किती वेळ? जागं असेल तेवढा वेळ. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला दहा तासांहून अधिक वेळ यंत्र वापरणाऱ्या मुलांची भाषा अधिक वेगाने वाढल्याचं आढळलं. आजची यंत्रं वापराचे तास स्वतःच नोंदवतात. ‘दिवसभर असतं हो कानावर’ असं सांगणाऱ्या घरात यंत्र अडीच तास दाखवतं, असंही होतं. त्यावर पालकांना दटावण्यापेक्षा मूल ते काढतं का, हे शोधायला हवं. बहुतेकदा साचा टोचत असतो किंवा आवाज जास्त असतो.

सरकार काय देतं, काय देत नाही?

केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना तिच्यातून श्रवणयंत्र मिळतं. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानातूनही वाट आहे. यंत्राने पुरेसा फायदा होत नसेल, नुकसान अतितीव्र असेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. २०१४ मध्ये सुधारलेल्या एडिपमध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ६ लाख रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद आली. त्याआधीही बहुतेक ठिकाणी काही महिने यंत्र लावून पाहिलं जातं. म्हणजे यंत्र उशिरा तर इम्प्लांटही उशिरा, आणि वय निघून गेलं तर योजनाही हातातून गेली.

कागद म्हणून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागतं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग रुग्णालयात तपासणी. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल नुकसान म्हणजे ‘ऐकण्यास कठीण’ आणि ७० च्या पुढे ‘बहिरेपणा’ अशी व्याख्या आहे. इथे एक फट राहते. ४५-५० डेसिबल नुकसान असलेल्या मुलाला वर्गात निम्मं ऐकू येत नाही, तरी कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात ३५ डेसिबलपासूनच ‘मध्यम’ नुकसान धरलं आहे. भाषा शिकत असलेल्या वयासाठी कायद्याची रेष वेगळी असायला हवी, असं म्हणण्याला पुरेसं कारण आहे.

त्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना ऐकण्यासाठी उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे, त्यांत ३ कोटी ४० लाख मुलं. मुलांमधलं जवळपास ६० टक्के नुकसान टाळता येण्यासारख्या कारणांचं : गोवर, रुबेला, मेंदूज्वर, कान फुटणं, जन्मावेळच्या अडचणी. मामाच्या मुलीशी लग्नासारख्या नात्यातल्या लग्नांमुळे वाढणारा धोका आपल्याकडे वेगळा मोजावा लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरमधून झाली. जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. कागदावर साखळी पूर्ण आहे : अंगणवाडी, पथक, जिल्हा पातळीवरचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. मात्र अंगणवाडीत मूल पोहोचतं तोवर १-३-६ मधले सहा महिने कधीच उलटलेले असतात. प्रसूती जिथे होते तिथेच, बाळ घरी जाण्याआधी, ‘ओएई’ ही काही मिनिटांची, न दुखणारी चाचणी व्हायला हवी. लसीच्या नोंदीशेजारी ऐकण्याचीही एक नोंद असायला किती खर्च येईल? शिबिरांत यंत्र वाटून फोटो काढण्यावर जितकी ताकद लागते, त्यातली थोडी साचे बनवण्यावर लावावी. महिन्यातून एक ठरलेला दिवस भोरच्या सरकारी रुग्णालयात एक ऑडिओलॉजिस्ट साच्याची मापं घेऊ लागला, तरी भोर-वेल्ह्याच्या कितीतरी घरांच्या खेपा वाचतील आणि कपाटातली यंत्रं कानावर येतील.

खुणांची भाषा शिकली तर मूल बोलणार नाही का?

ही भीती अनेक पालकांना घातली जाते. तिला आधार नाही. यंत्र आणि वाचा-उपचार सुरू असताना घरात खुणा वापरल्या म्हणून मुलाचं बोलणं थांबत नाही. काही मुलांना यंत्राने आणि इम्प्लांटनेही पुरेसं ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा हीच भाषा असते, आणि भाषा असणं हे कोणती भाषा यापेक्षा आधी येतं. ‘यंत्र की खुणा’ अशी निवड दीड वर्षाच्या वयात कोणी करायला लावत असेल, तर दुसरं मत घ्यावं.

शाळेत गेल्यावर

बालवाडीत गोष्ट बदलते. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो, वर्गाचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. पत्र्याच्या छपराखाली पावसात तर चांगल्या कानांनाही बाई ऐकू येत नाहीत. यंत्र ‘स’ वाढवतं तसा बाकांचा आवाजही वाढवतं. यावर उपाय म्हणजे शिक्षकांच्या गळ्यातला छोटा माइक, जो थेट मुलाच्या यंत्रात आवाज पाठवतो. म्हणून आज यंत्र घेताना ते पुढे अशा माइकला जोडता येईल का, हे विचारून ठेवायचं. महागड्या यंत्रातल्या दहा सोयींपेक्षा या एका सोयीसाठी चार पैसे जास्त मोजणं परवडतं. तोवर पुढचा बाक, खिडकीपासून दूर, आणि फळ्याकडे तोंड करून न बोलणाऱ्या बाई, एवढं शाळेला फुकटात जमू शकतं.

पुण्याची एसटी पकडण्याआधी फोनमध्ये लिहून घ्यावं असं थोडंच आहे. बेराचा मूळ अहवाल आणि कानाच्या पडद्यामागच्या तपासणीचा कागद सोबत. मूल झोपलं नाही तर तपासणी पुढे ढकलली जाते, म्हणून त्याला वाटेत झोपू द्यायचं नाही. साच्याची किंमत यंत्रात धरलेली आहे का आणि वर्षभरात किती साचे, हे बिलावर लिहून घ्यायचं. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, बिलात तो दिसला तर विचारायचं. हरवल्यास काय, याचं उत्तर वॉरंटीत शोधायचं. आणि यंत्र एडिपमधून मिळालं असेल तर मिळाल्याची तारीख जपून ठेवायची : मोठ्यांना पुन्हा मदत मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही अट एकच वर्षाची आहे.